दुसरा भाग भज्यांबरोबर गेला

माझी वहिनी लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईला आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या सामानात एक पत्र्याची पेटी होती. ती टेम्पोतून उतरवताना दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, एका मित्राची कंबर लचकली. एवढी जड म्हणजे तांब्यापितळेची भांडी असणार, असं धरून मायनं त्या मित्राला स्वतः वीट गरम करून शेक दिला. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. वर दोन साड्या होत्या आणि खाली पुस्तकं. मायनं वरची पुस्तकं बाजूला केली, तर त्यांच्याखालीही पुस्तकंच. तिनं पार तळापर्यंत हात घालून पाहिला.

"हे काय गं, पोरी?"

"माझं हाय, आत्याबाई," वहिनी म्हणाली. मान नव्या नवरीनं घालावी तेवढी खाली होती, आवाज मात्र खाली नव्हता.

वडीगोद्रीला हमरस्त्यावर तिच्या वडिलांचं चहाभज्यांचं हॉटेल होतं. भजी बांधायला लागणारी रद्दी औरंगाबादहून पोत्यांनी यायची आणि तिचे चौकोनी तुकडे करायचं काम लहानपणापासून वहिनीकडे होतं. ती आधी वाचायची आणि मग फाडायची. जे फाडवत नसे ते पिठाच्या डब्यामागे दडवून ठेवायची. शहरातली मुलं मोठी झाली की आईबाप सगळ्यात आधी त्यांची गोष्टींची पुस्तकं रद्दीत घालतात, त्यामुळे परग्रह, जादूगार, बोलणारे प्राणी आणि घरातून पळून गेलेली मुलं असला माल तिच्याकडे भरपूर जमला होता. दहावीपर्यंत शिकलेली ही मुलगी चंद्रावरच्या शेतीबद्दल बोलायची आणि आण्णा, आमचे वडील, तिच्याकडे काळजीनं बघायचे. त्यांना वाटायचं, माहेरची आठवण येत असेल.

दादाला वाचनाची आवड नव्हती. तो औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचायचा, तेही फवारणी झाल्यावर. मी मात्र त्या वर्षी अकरावीला होतो आणि अधाशी होतो. आमच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याला भक्कम कुलूप असायचं आणि पुस्तकं अगदी सुरक्षित असायची. तेव्हा वहिनीची पेटी म्हणजे मला लॉटरीच लागली. दीर-भावजयीचं नातं थट्टेचं असतं, त्यामुळे आम्ही दोघं ओट्यावर बसून खुसुखुसु बोललो तरी कुणाला काही वाटत नसे. खरं तर आम्ही एखादा राक्षस योग्य वेळी मेला की जरा लवकर मेला, यावर भांडत असायचो.

त्या पेटीत एक कादंबरी होती. तिचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, कारण सगळ्याच भागांची कव्हरं आणि पहिली पानं आमच्या आधीच कुणीतरी फाडली होती. लिहिणाऱ्याचंही नाव नव्हतं. तिचे तीन भाग होते. वहिनीकडे पहिला आणि तिसरा होता.

"अन् दुसरा?" मी विचारलं.

वहिनीचा चेहरा पडला. "मी मावशीकडं गेल्ते भाऊजी. बाजाराचा दिस व्हता, गिऱ्हाईक लई. आमच्या वडलांनी हाताला लागलं ते फाडलं. मी आल्ते तवर लोकांनी भजी खाऊन कागद फेकून दिल्ते. निम्मा बीडकडं गेला असंल, निम्मा औरंगाबादकडं."

आता ती गोष्ट सांगायला हवी. एका देशात नदी आकाशातून वाहते आणि ढग म्हणजे तिच्या काठची गावं. तिथे पाऊस राखणारं एक घराणं असतं. त्या घरातला सोळा वर्षांचा मुलगा वाऱ्याच्या राजाच्या मुलीशी लग्न करणार असतो. हे लग्न झालं तरच वारा पाऊस वाहून नेणार, असा जुना करार असतो. लग्नाचा दिवस उजाडतो. वऱ्हाड नावेतून येतं, आणि नाव चालवणारा असतो त्याच्याच वयाचा एक नावाडी. नवरदेव त्याच्याकडे बघतो, नावाडी नवरदेवाकडे बघतो. मग नवरदेव मांडवातून उठतो, तडक काठावर जातो आणि नावेत उडी मारतो. पहिला भाग इथे संपतो.

तिसरा भाग सुरू होतो तेव्हा बरीच वर्षं उलटलेली असतात. ढगाच्या कडेला एक झोपडी आहे. तिथे तो नवरदेव आणि तो नावाडी राहतात. शेळ्या पाळतात. घरात एक लहान मुलगी आहे आणि ती दोघांनाही बाबा म्हणते. वाऱ्याच्या राजाची मुलगी एका मोठ्या जहाजाची कप्तान झाली आहे, येता-जाता तिथे उतरते आणि पोरीला खाऊ देते. पाऊस व्यवस्थित पडतो आहे.

मधे काय झालं, ते भज्यांबरोबर गेलं.

मी दोन्ही भाग वाचून वहिनीला माझं मत सांगितलं. माझ्या मते दुसऱ्या भागात त्या दोघांनी मोठं युद्ध केलं असणार, एकमेकांचा जीव वाचवला असणार आणि मानलेले भाऊ झाले असणार. नावाड्याची बायको बाळंतपणात वारली असणार. म्हणून मुलगी एकाला बाबा म्हणते आणि दुसऱ्यालाही लाडानं बाबाच म्हणते.

वहिनी भाकरी थापत होती. तिनं थापायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"बायको कुठून आनली तुम्ही?"

"म्हणजे, असणारच ना."

"न्हाई. ते दोघं एकमेकांचे हाईत."

"म्हणजे कसे?"

"म्हंजे तुमचे भाऊ अन् मी," वहिनी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

माझे कान तापले. मी उठलो आणि शेतात मोटार चालू करून येतो म्हणून निघालो. "लाईट न्हाई ना भाऊजी!" वहिनी मागून ओरडली, पण मी ऐकलं नाही. विहिरीवर जाऊन बंद मोटारीशेजारी बसून राहिलो. तेव्हा आमच्या शाळेत कबड्डीचा एक संघ होता. मला कबड्डीचं ओ की ठो कळत नसे, तरी मी संघाचा एकही सामना चुकवत नव्हतो. त्यांचे गुण मांडायचो, पाणी न्यायचो, आणि एका विशिष्ट खेळाडूला खरचटलं की मलमपट्टीसाठी मीच पुढे असायचो. मला खेळाची फार आवड आहे, अशी माझी स्वतःची समजूत होती. विहिरीच्या काठावर त्या समजुतीला पहिला तडा गेला. मला भीती वाटली आणि हसूही आलं. असं काही असतं, ते कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं छापून वडीगोद्रीच्या हॉटेलापर्यंत येतं, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

घरात गोष्ट पसरली ती लोडशेडिंगमुळे. दिवेलागणीला वीज जायची, टीव्ही बंद व्हायचा आणि आम्ही सगळे अंगणात कंदिलाभोवती लाल मिरचीचे देठ खुडत बसायचो. आमच्याकडे मिरचीला तोटा नव्हता. मायनं एकदा विचारलं, "तुम्ही दोघं सदानकदा कशावर भांडून राह्यले?" वहिनीनं गोष्ट सांगायला घेतली. तिनं ती अशी सांगितली की पुस्तक फिकं वाटावं. नवरदेव नावेत उडी मारतो तेव्हा तिनं त्याच्या कपाळाला मुंडावळ्या ठेवल्या, त्या वाऱ्यावर उडवल्या आणि एक मोती नदीत पाडला. पुस्तकात मुंडावळ्या नव्हत्या.

गोष्ट संपली. मग माय म्हणाली, "मधलं कुठाय?"

"भज्यांबरोबर गेलं."

"असं कसं? गोष्ट हाय का चेष्टा?"

त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येकानं आपापला दुसरा भाग काढला. आण्णांच्या दुसऱ्या भागात पाण्याच्या पाळीवरून वरच्या ढगाचं आणि खालच्या ढगाचं भांडण होतं आणि प्रकरण भोकरदनच्या कोर्टात जाऊन तारखांवर तारखा पडतात. मायच्या भागात नावाडी हा शाप लागलेला देव असतो आणि रेणुकाई त्याला सोडवते. एवढी मोठी नदी आहे तर काठाला देवीचं ठाणं असणारच, असं तिचं म्हणणं. माझं युद्ध कुणालाच आवडलं नाही. दादा आमच्याकडे पाठ करून फवारणीचा पंप दुरुस्त करत बसलेला असे. तो काहीच बोलत नसे. एकदाच त्यानं विचारलं, "त्या नावेला इंजीन हाय का वल्ही?" वल्ही आहेत म्हटल्यावर पुन्हा पंपात डोकं घातलं.

वहिनीचा दुसरा भाग साधा होता. दोघं पळाले. कुठल्याच ढगावर त्यांना ठेवून घेईनात. मग त्यांनी एक उजाड ढग बघितला, त्यावर झोपडी बांधली, भांडले, एकमेकांवर रुसले, पुन्हा बोलू लागले. एका पुरात वाहून आलेली पोर त्यांनी उचलून घेतली. "झालं," वहिनी म्हणायची. "संसार हाय तो. त्याला काय युद्ध लागतंय व्हय?"

ती हे सगळं सासूसासऱ्यांसमोर सांगायची आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आकाशात नदी वाहते हे एकदा मान्य केलं की माणूस पुढचंही मान्य करत जातो. मायनं एवढंच विचारलं, "शेळ्यांना ढगावर पाला कुठला?"

पुढे मी कॉलेजला जालन्याला गेलो आणि दुसऱ्या भागाचा शोध सुरू केला. स्टेशनकडच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं. मालक गादीवर लोडाला टेकून बसलेला असायचा.

"कोनसी किताब होना?"

"आकाशातल्या नदीची गोष्ट आहे. दुसरा भाग पाहिजे."

"नाव काय?"

"माहीत नाही."

"लिखनेवाला?"

"ते पान नाहीये."

"मंग तुला मालूम काय हाय?"

"पहिला आणि तिसरा भाग."

मालकानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आतून एक पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलं. त्यावर ठळक अक्षरात 'भाग दुसरा' लिहिलं होतं. ते शेळीपालनाचं होतं. "दूसरा हिस्सा बोला ना तू?" तो म्हणाला. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. ते मी घरी आणलं, वहिनीनं कपाळाला हात लावला, आणि दादानं आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक वाचून काढलं. पुढच्या हंगामात आमच्याकडे शेळ्या आल्या. पहिला भाग कुठं मिळतो का, असं तो मला बरेच दिवस विचारत होता.

जालन्यात नंतर सायबर कॅफे निघाले. तिथल्या लाकडी खोप्यात बसून, मांडीवर डिक्शनरी ठेवून, मी इंग्रजीतल्या असल्या गोष्टी शोधून वाचायला लागलो. तारायानांतल्या मुली, एकमेकांना जीव लावणारे दोन शिकाऊ जादूगार, मुलगा म्हणून जन्मलेली आणि ड्रॅगनला मात्र पहिल्या दिवसापासून मुलगी म्हणून माहीत असलेली एक सैनिक. पान उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात पुढे काय होणार याचा मी अंदाज बांधून ठेवायचो. सुट्टीत घरी आलो की हे सगळं वहिनीला मराठीत सांगायचं. ती नाकावर पदर धरून मिरच्या कांडायची आणि ऐकायची.

"म्हंजे तिकडं बी हाईत म्हना की," ती पहिल्यांदा म्हणाली होती. तिकडं म्हणजे परदेशात की दुसऱ्या ग्रहावर, ते मी विचारलं नाही.

पण हळूहळू तिची एक तक्रार सुरू झाली. मी एखादी गोष्ट रंगात येऊन सांगत असायचो आणि ती मधेच मुसळ थांबवायची.

"थांबा. ह्यातला कोन मरतो?"

"वहिनी, पुढे तर ऐका."

"न्हाई, आधी सांगा. ह्या दोघांतला एक मरतोच. मागच्या येळंला बी मेला, त्याच्या आधीची पोरगी बी मेली. यान फुटलं का मेले, राजा कोपला का मेले. त्या लिहिनाऱ्याला म्हनावं, एका जोडीला तरी म्हातारं होऊ दे की. गुडघे दुखू दे त्यांचे."

मग मी गोष्टी निवडून आणायला लागलो. एखादी फारच चांगली असली आणि तरी शेवटी कुणी मरत असलं, तर मी ते मरण गाळून सांगायचो. वहिनीला कळायचं. "हा लई जल्दी बरा झाला," ती म्हणायची, पण पुढे काही विचारायची नाही.

शिक्षण झालं आणि मी जालन्यातच एका शिकवणीत गणित शिकवायला लागलो. मुलगा मास्तर झाला म्हटल्यावर सोयरिकी यायला लागल्या. काही मी टोलवल्या. एक मात्र वहिनीच्या मावशीनंच आणली, घनसावंगीची, त्यामुळे वहिनीलाही नाही म्हणता येईना. जीप करून आम्ही सगळे गेलो. माय, आण्णा, दादा, वहिनी आणि इस्त्री केलेला मी.

पोहे झाले, चहा झाला, ऊस कसा आहे आणि पाटाला पाणी कधी आहे हे झालं. मग मुलीच्या काकांनी उदार मनानं सांगितलं की नवा जमाना आहे, मुलामुलीला दोन शब्द बोलू द्या. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. सोबतीला म्हणून वहिनी दारात बसली. मुलगी चुणचुणीत होती. तिनंच सुरुवात केली.

"तुम्ही फार वाचता, असं मावशी म्हणाल्या. काय वाचता?"

दुसरं काही सांगायला हवं होतं. पण मला घाम फुटला होता आणि तोंडाला तीच गोष्ट आली. मी आकाशातल्या नदीपासून सुरू केलं आणि मग थांबताच येईना. बाहेर माणसं खोकत होती. मी मांडवापर्यंत आलो, नावाडी आणला, नवरदेवाला नावेत बसवलं, वहिनीचा दुसरा भाग वहिनीसमोरच जसाच्या तसा सांगितला, झोपडी बांधली, शेळ्या सोडल्या, पोरीला दोन बाबा दिले. मुलगी हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती.

मी संपवल्यावर ती म्हणाली, "आणि त्या मुलीला कुणी विचारलंच नाही का?"

"कुठल्या?"

"वाऱ्याच्या राजाच्या. ती मांडवात बसली होती ना? हा उठून गेला. तिचं काय?"

हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच कधी पडला नव्हता. कोर्टात गेलेल्या आण्णांनासुद्धा नाही. मी दाराकडे पाहिलं. वहिनीनंही मान वर करून मुलीकडे पाहिलं होतं.

"ती पुढे जहाजाची कप्तान होते," मी म्हणालो.

"ते नंतर. पण त्यानं मांडवात यायच्या आधीच सांगायला पाहिजे होतं. तिनं आपलं आधीच जहाज बघितलं असतं."

मी घसा खाकरून म्हणालो, "तुम्ही मला नकार द्या."

"का?"

मी रुमालानं घाम पुसला. तेव्हा दारातून वहिनी हलकेच म्हणाली, "बाई, आमच्या भाऊजींचं मन नावाड्यापाशी हाय."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि मग तिला एवढं हसू फुटलं की तिनं ओढणी तोंडाशी धरली. चेष्टेचं नव्हतं ते. सुटल्याचं होतं. "मला बी.एड. करायचंय," ती म्हणाली. "मी सकाळपासून कसं सांगू म्हणून रडत होते. देते नकार. पण कारण काय सांगू?"

"काहीही सांगा."

तिनं खरंच काहीही सांगितलं. आठवड्याच्या आत निरोप आला: मुलगा चांगला आहे, पण फार बोलतो.

मायचा संताप बघण्यासारखा होता. काळा म्हणाले असते, बुटका म्हणाले असते, तरी तिनं गिळलं असतं. "बोलतो म्हनून नकार?" ती गल्लीत सगळ्यांना विचारत सुटली. "मुका पाहिजे व्हता का त्यांना?" गल्लीतल्या बायकांनी मला अचानक लहान मुलांच्या बारशाला, जावळाला बोलवायला सुरुवात केली. मुलगा बोलका आहे म्हणे, चार माणसांत शोभतो.

वहिनीनं मला विचारून दादाला सांगितलं. ती काय बोलली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा विहिरीवर मोटारीचा फूटवॉल, म्हणजे पाइपाच्या तोंडची झडप, काढून बसला होता. त्यानं मला हाक मारली. मी पान्हा धरून शेजारी बसलो.

"तुझी वहिनी बोलली," तो म्हणाला.

"हं."

"खरं हाय?"

"हो."

त्यानं फूटवॉलमधला गाळ बोटानं काढला. मग आणखी काढला. गाळ संपला तरी तो काढतच होता.

"लहानपणापासून हाय का आत्ता झालं?"

"लहानपणापासूनच असणार. कळलं नंतर."

"ते पुस्तक वाचून न्हाई ना झालं?"

"दादा, पुस्तक वाचून होत असतं तर तू शेळी झाला असतास."

तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यांना हिसका बसला. मग म्हणाला, "मंग दुसऱ्या भागात खरं काय झाल्तं?" इतकी वर्षं पाठ करून बसलेला हा माणूस सगळं ऐकत होता. मी म्हणालो, ते मला अजून माहीत नाही. "बरं," तो म्हणाला. "पान्हा दे."

आईवडिलांना सांगायचं काम त्यानंच अंगावर घेतलं. आण्णा बरेच दिवस माझ्याशी फक्त पाऊसपाण्याचं बोलले. एकदा त्यांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, "डाक्टरला दाखवावं का?" दादानं जागच्या जागी सांगितलं, "दाखवलं. जालन्याच्या मोठ्या डाक्टरला. सगळं बराबर हाय म्हनला." असा कुठलाही डॉक्टर नव्हता. आण्णांनी मात्र त्या डॉक्टरवर पुढे पूर्ण विश्वास ठेवला.

माय रेणुकाईच्या देवळात गेली. देवीची ओटी भरली, बराच वेळ गाभाऱ्यासमोर बसली आणि तोंड पाडून घरी आली.

"काय म्हनली देवी?" वहिनीनं विचारलं.

"काहीच बोलली न्हाई."

"मंग तिची हरकत न्हाई, आत्याबाई."

माय वहिनीकडे बघत राहिली. वाद घालायला तिच्याकडे मुद्दा नव्हता, कारण हरकत असती तर रेणुकाई बोलली असती, हे तिलाही पटत होतं. तरी ती रडली. माझ्यासमोर नाही, शेळ्यांच्या गोठ्यात. मला ते दादानं सांगितलं. पुष्कळ दिवस तिनं माझ्या ताटात वाढताना नजर वर केली नाही, पण तूप पहिल्याइतकंच वाढत राहिली.

दुसरा भाग आजवर मिळालेला नाही. मध्यंतरी जुन्या पुस्तकांच्या एका ओळखीच्या माणसाला तो कुठंतरी दिसल्यासारखा वाटला होता. मी वहिनीला फोन केला तर म्हणाली, "राहू द्या भाऊजी. त्यात युद्ध निघालं तर?"

मग काही वर्षांनी माझा नावाडी आला. तो जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघायचा. माझी त्याची ओळख झाली तीही एका दुकानातल्या पुस्तकावर एकाच वेळी हात पडल्यामुळे. ते दोघांनाही हवं होतं आणि दोघंही सोडायला तयार नव्हतो. त्याला पहिल्यांदा पिंपळगावला घेऊन गेलो तेव्हा घरात मिरचीचा हंगाम होता. आण्णांनी त्याला बियाण्याबद्दल इतके प्रश्न विचारले की तो हिशेबातला माणूस आहे, हे सांगायला त्याला फुरसतच मिळाली नाही. वहिनीनं त्याला एकच विचारलं, काय काय वाचलंय. उत्तर ऐकून ती मला बाजूला म्हणाली, "जरा रडक्या गोष्टी वाचतात, पन सुधरतील."

माय बोलली नाही. अंगणात बसून देठ खुडत राहिली. तोही काही न बोलता तिच्यासमोर जाऊन बसला आणि खुडायला लागला. शहरातला माणूस, आयुष्यात कधी मिरची खुडलेली नाही. थोड्या वेळानं त्याच्या हातांची आग आग व्हायला लागली. तो गुपचूप हात मांडीखाली दाबून बसला, मग झटकायला लागला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तेल न्हाई लावलं हाताला?" मायनं विचारलं. त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"नाही."

"खुडायच्या आधी लावायचं असतं. तुझ्या मायनं शिकवलं न्हाई का?"

"आई बोलत नाही माझ्याशी," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

मायचे हात थांबले. मग सूप बाजूला सारून ती पुढे सरकली आणि त्याचे दोन्ही हात मनगटाशी धरून स्वतःकडे ओढले, बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्यावर खेकसली.

"अन् तू उभा राहून काय बघून राह्यला? दही आन जल्दी."